यंत्र आले, वाट मोकळी कधी?

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी 2016 मध्ये ई-चलन पद्धत स्वीकारली. 2019 च्या जुलैत महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या वाहनांना 5,000 रुपयांपासून पुढे दंड ठरविला. परंतु पादचाऱ्यास मोकळी वाट मिळाली काय?

सॅन फ्रान्सिस्कोने 2011 मध्ये मागणीनुसार वाहनतळाचे दर बदलण्यास आरंभ केला. जेथे जागा रिकाम्या राहत, तेथे दर उतरविलेही. यंत्र केवळ तिजोरी भरण्यासाठी नसते, हे त्या नगरीने जाणले. आमच्या यंत्राची दृष्टीही सामान्याच्या स्कूटरवर जितकी तीक्ष्ण, तितकीच सरकारी मोटारीवर असली पाहिजे. दंडाच्या रकमेवरून नव्हे, मोकळ्या झालेल्या पदपथांवरूनच या सुधारणेची परीक्षा व्हावी.