टारबर्ट : नावाने जपलेली भूमीची साक्ष

१/ स्कॉटलंडच्या नकाशावर 'टारबर्ट' किंवा 'टारबेट' हे नाव वारंवार आढळते. एकच नाव इतक्या ठिकाणी का? कारण ते मुळात भूरूपाचे वर्णन आहे. दोन जलाशयांमधील ज्या अरुंद पट्टीवरून होडी ओढून पलीकडे नेता येते, ती पट्टी म्हणजे गेलिक भाषेतील 'टारबर्ट'. शब्दाच्या मुळाशीच 'पलीकडे वाहून नेणे' हा अर्थ आहे.

२/ नॉर्स सागा सांगतात : १०९८ च्या सुमारास नॉर्वेचा राजा माग्नुस याने स्कॉटलंडच्या राजाशी करार केला. पश्चिमेकडील ज्या बेटाला गलबताने वळसा घालता येईल, ते नॉर्वेचे. किंटायर हे द्वीपकल्प. पण माग्नुस सुकाणू धरून बसला, माणसांनी गलबत टारबर्टच्या पट्टीवरून ओढून नेले आणि किंटायर 'बेट' ठरले!

३/ कथेत अतिशयोक्ती असेल. परंतु १२६३ मध्ये राजा हाकोनच्या ताफ्यातील जहाजेही लॉख लाँगहून लॉख लोमंडमध्ये अशीच ओढून नेली गेली. ती जागा? तीही टारबेट. सागा आणि नाव एकमेकांस दुजोरा देतात.

४/ इतर नावेही अशीच बोलकी आहेत. 'इन्व्हर' म्हणजे नदीमुख, म्हणून नेस नदीच्या मुखावर इन्व्हरनेस. 'काइल' म्हणजे चिंचोळी सामुद्रधुनी. 'ओबन' म्हणजे छोटा उपसागर. 'किंटायर' म्हणजे भूमीचे टोक.

५/ मात्र 'शुद्ध गेलिक वारसा' हा दावा टिकत नाही. ओबनमधील 'ओब' हा शब्द नॉर्स भाषेतून आला. समुद्रातील खडकाला म्हणतात तो 'स्केर' हा शब्दही तिकडचाच. किनाऱ्याने दोन्ही दर्यावर्दी समाजांची भाषा जपली.

६/ एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांनी अनेक नावे इंग्रजी वळणाने लिहिली. उच्चार उरला, अर्थ झाकला गेला. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळेतही गेलिकला स्थान दिले नाही. तरीही न्याय्य बोलायचे तर, त्याच सर्वेक्षकांच्या नामनोंदवह्यांत स्थानिकांनी सांगितलेले अर्थ सुरक्षित राहिले.

७/ आज द्विभाषिक फलकांवर आक्षेप घेतला जातो : २०११ च्या जनगणनेनुसार गेलिक बोलणारे जेमतेम ५७ हजार, मग हा खर्च कशाला? हा आक्षेप अपुरा आहे. फलक केवळ भाषकांसाठी नसतो. तो नकाशावरील निरर्थक ध्वनीला अर्थ परत देतो. पण जिथे गेलिक नाव कधी नव्हतेच, तिथे ते नव्याने घडवून लावणे ही इतिहासाची सेवा नव्हे. साक्षीदार जपावा, खोटा साक्षीदार उभा करू नये.

८/ ताम्रपट तिजोरीत ठेवता येतो. स्थलनाम मात्र बोलणाऱ्यांच्या जिभेवरच टिकते. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक नावाला पहिला प्रश्न विचारावा : हे ठेवणाऱ्याने समोर काय पाहिले होते?