मत्स्यपेटीचें पाणी आणि आडाचें पाणी

आम्हां कर्जतकरांचा आणि समुद्राचा संबंध भूगोलाच्या पुस्तकापलीकडे सहसा जात नाहीं. तरीही गेल्या दिवाळीपासून आमच्या ओसरीवर एक लहानसा समुद्र नांदत आहे. नातवानें कांचेची मत्स्यपेटी आणिली, समुद्री क्षारांचें मिश्रण लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत आडाच्या पाण्यांत विरविलें, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे त्यांत सोडिले. घरांतील बालगोपाळ त्यांस दिवसांतून चारदां खाऊ घालूं लागले.

पुढें कांचेवर शेवाळ चढलें व मासे मलूल दिसूं लागले. नातवानें परीक्षानळींत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकिले, तों रंग लालभडक. "आजोबा, नायट्रेट लिटरमागें ८० मिलिग्रॅम झालें आहे," तो म्हणाला.

याचें कारण असें. माशांची विष्ठा व उरलेला खाऊ यांपासून अमोनिया होतो. वाळूंतील सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. पहिलीं दोन्हीं माशांस घातक. तिसरें त्या मानानें सौम्य, परंतु तें पाण्यांत सांचत जातें. यावर उपाय तीन: खाऊ बेताचा घालणें, नायट्रेट शोषून वाढलेलें शेवाळ काढून टाकणें, आणि पाण्याचा चौथा हिस्सा वरचेवर बदलणें. नवें पाणी नायट्रेटरहित असेल, तर ८० चे ६० होतात व पुढील खेपेस ४५.

आमच्या पेटींत मात्र हें गणित जमेना. खाऊ कमी केला, चार वेळां पाणी बदललें, तरी आंकडा ६० च्या खालीं उतरेना. शेवटीं आम्हीं नुसतें आडाचें पाणी तपासावयास सांगितलें. त्यांतच सुमारें ५० मिलिग्रॅम निघालें! आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें म्हणतात. येथें आडांत होतें तेंच पोहऱ्यांतून पेटींत येत होतें.

मग माशांची चिंता बाजूस राहिली. घरांत तीन महिन्यांची पणती वरच्या दुधावर आहे. दुधाची भुकटी हेंच पाणी उकळून त्यांत कालवावी, असा सल्ला आम्हींच दिला होता. उकळल्यानें जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाहीं. पाणी आटतें तसें तें उलट दाटतें. पिण्याच्या पाण्याची आपल्या देशांतील मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम आहे. तीहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलाच्या पोटांत गेल्यास रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटूं शकते व ओठ, नखें निळीं पडतात. ईश्वरकृपेनें मुलीस अपाय झाला नाहीं. आमची झोंप मात्र उडाली. पुढें प्रयोगशाळेचा निर्णयही तोच आला.

आडापासून दहा पावलांवर आमचा गोठा व उकिरडा. पेटीच्या वाळूंत जें घडतें तेंच तेथील मातींत घडत होतें, आणि पावसाबरोबर नायट्रेट खालीं झिरपत होतें. आम्हीं उकिरडा दूर हलविला. बाळाचें व पेटीचें पाणी आतां आर.ओ. यंत्रांतून येतें, कापडानें गाळून किंवा तुरटी फिरवून हें काम होत नाहीं. मासे पुनः खेळूं लागले आहेत. आड मात्र लवकर सुधारेल अशी आशा नाहीं.

ज्यांच्या घरीं तान्हें मूल आहे व पाणी आडाचें आहे, त्यांनीं तें निर्मळ दिसतें एवढ्यावर विसंबूं नये. एकवार तपासून घ्यावें. आमचें पाणीही निर्मळच दिसत होतें.