उन्नीस-बीस

बंपर ही वस्तू मुळात मार खाण्यासाठीच जन्माला आली. जुन्या फियाटला आणि अ‍ॅम्बॅसिडरला पोलादी, चकचकीत बंपर असत. कुठे आपटले तर मालक खाली उतरे, बुटाच्या टोकाने चाचपून पाही आणि 'काही नाही झालं' म्हणून पुढे जाई. मग बंपर प्लॅस्टिकचे झाले, गाडीच्या रंगात न्हाऊन निघाले, आणि सगळे उलटले. दाराशी ठेवलेल्या रखवालदाराला जरीचा फेटा बांधावा आणि मग त्या फेट्याची राखण मालकाने करीत बसावे, तसा हा प्रकार आहे.

हे तत्त्वज्ञान मला सुचले ते श्रावणात, सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना. कडाड् असा आवाज झाला. माझ्या गाडीला काहीच झाले नव्हते. जे व्हायचे ते शेजारच्या आप्पांच्या गाडीच्या मागच्या बंपरला झाले होते.

आप्पांची रुपेरी गाडी सात वर्षांची आहे, पण रोज सकाळी पूजा आटोपली की ते तिला स्वतः पुसतात. त्यांच्या दाराची घंटा दाबताना माझ्या पोटात गोळा आला होता. आप्पा खाली आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. उजव्या कोपऱ्यात वीतभर चीर गेली होती आणि एका बाजूने बंपर लोंबत होता.

"पैशांचं मला काही सांगू नका," ते शांतपणे म्हणाले. "होती तशी करून द्या, म्हणजे झालं."

त्यांनी पैसे मागितले असते तर बरे झाले असते!

आधी विम्याचा विचार झाला. आप्पांनी पाच वर्षांत एकही दावा केला नव्हता. त्यामुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर त्यांना ५० टक्के सवलत होती. एक दावा केला की ती शून्यावर येणार. शिवाय साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते, ते निराळेच. चूक माझी आणि सवलत त्यांची बुडायची, हे मनाला पटेना. खर्च मीच करायचा ठरले. प्रश्न एवढाच उरला, की गाडी द्यायची कोणाकडे?

पहिल्यांदा गेलो एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. काचेच्या खोलीत कॉफी मिळाली आणि तिच्यापाठोपाठ १४,८०० रुपयांचा अंदाज मिळाला. नवा बंपर, रंग, मजुरी, कर, सगळे त्यात आले होते. "रंग जुळेल ना?" मी विचारले. "शंभर टक्के. गाडीवरच्या पट्टीत रंगाचा कोड असतो, त्याप्रमाणेच बनवतो," असे संगणकाकडे पाहतच उत्तर आले.

दुसरा कारागीर पुलाखाली भेटला. त्याने गाडीकडे नीट पाहिलेही नाही. "नवा कशाला? चीर वितळवून जोडतो, वरून पुट्टी मारतो. अडीच हजार द्या, संध्याकाळी घेऊन जा. सेम टु सेम!" शेजारीच त्याने रंगवलेली एक गाडी उभी होती. तिच्या काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे उडाले होते आणि दारावर हात फिरवला तर संत्र्याच्या सालीवरून फिरवल्यासारखे वाटले.

शंभर टक्के आणि सेम टु सेम. दोघांचे बोलणे इतके जुळत होते, की गाडीचा रंगही तितका जुळला तर भाग्य! रात्री जेवताना मी ही व्यथा सौभाग्यवतींपुढे मांडली.

"रंग त्यांनी कुठे पाहिला?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"अहो, ब्लाउजपीस घ्यायला लक्ष्मी रोडवर जातो, तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली कधी रंग ठरवतो का? साडी नि कापड घेऊन दारात येतो. दिव्याखाली जुळलेलं उन्हात जुळेलच असं नसतं. जो दुकानदार स्वतःहून 'बाहेर नेऊन बघा' म्हणतो, त्याच्याकडे जावं."

आजवर त्या मॅचिंगच्या दुकानांच्या पायऱ्यांवर मी पिशव्या सांभाळत तासन् तास उभा राहिलो आहे. तिथे काही शिकण्यासारखे आहे हे मला त्या रात्री प्रथम कळले.

तिसरे दुकान एका सहकाऱ्याने सांगितले. नाना पेठेच्या अलीकडे एका बोळात, छोटेसे. पण रंगवायची खोली बंद, धूळ न शिरणारी होती. मिस्त्री साठीचे. त्यांनी आधी किंमत सांगितलीच नाही. बंपर उतरवला आणि मागचा पोलादी आडवा दांडा व धक्का शोषणारा भाग तपासला. "हा वाकला असता तर वरून कितीही रंग मारून उपयोग नव्हता. तुमचं नशीब, ठीक आहे." मग बंपर उलटा करून आतल्या बाजूला कोरलेली अक्षरे दाखवली. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा होता. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहसा धरत नाही; आधी त्याचा खास प्रायमर द्यावा लागतो. तो चुकवला तर काही महिन्यांत पापुद्रे निघू लागतात. चीर जोडता आली असती, पण बंपर अडकवायचे कानच तुटले होते. तेव्हा नवाच घ्यायचा, आणि तोही मूळ कंपनीचा. नकली स्वस्त मिळतो पण कडेला फट राहते, असे त्यांचे मत पडले.

"आणि रंग?" मी घाबरत विचारले.

"सर, उन्नीस-बीस राहणार."

मी चमकलो. एवढ्या फिरण्यात पहिल्यांदाच कोणी 'राहणार' म्हणाले होते!

मिस्त्री समजावू लागले. कोड सांगतो तो गाडी नवी असतानाचा रंग. या गाडीने सात वर्षे ऊन खाल्ले आहे. त्यातून रुपेरी रंग सगळ्यांत अवघड. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारा ओला बसला की रंग गडद दिसतो, कोरडा बसला की उजळ. एकाच डब्यातला रंग दोन हातांनी दोन तऱ्हेचा होतो. शिवाय कारखान्यात पत्रा १४० अंशांच्या आसपास भाजतात. तिथे प्लॅस्टिक टिकणार नाही, म्हणून बंपर बहुधा वेगळाच रंगवतात. "नव्या गाडीतही निरखून बघा, थोडा फरक दिसतो. फक्त तेव्हा कोणी बघत नाही."

त्यांनी पेट्रोलच्या टाकीवरचे झाकण काढून घेतले आणि पॉलिश करून त्याचा खरा रंग वर आणला. वजनकाट्यावर ग्रॅम मोजत रंग कालवला, तीन कार्डांवर तीन तऱ्हांनी मारला आणि वर पारदर्शक थर दिला. मग म्हणाले, "हे सुकू द्या. उद्या गाडीच्या मालकांना घेऊन या. पसंती त्यांची."

वर्कशॉपची कॉफी पिऊन मला धीर आला नव्हता, तो या वाक्याने आला. दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. आप्पांनी तिन्ही कार्डे झाकणाला लावून पाहिली. समोरून, बाजूने, उन्हात आणि सावलीत. सरकारी कागद तपासावा तसे ते काम चालले होते. "हे मधलं," ते शेवटी म्हणाले. "पण किंचित उजळ आहे हो."

"आहे," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या पत्र्यावर थोडा रंग विरवत नेला तर फरक लपेल. पण तुमचा पत्रा कारखान्यातला आहे, तो धड आहे. त्याला हात लावू नये, असं माझं मत."

आप्पांनी क्षणभर विचार केला. "नका लावू," ते म्हणाले.

बिल ९,२०० रुपये झाले. गाडी चौथ्या दिवशी तयार झाली, पण मिस्त्रींनी ती संध्याकाळी देण्याचे नाकारले. सकाळी उजेडात बघा आणि मगच पैसे द्या, असा त्यांचा नियम. आता आप्पा रोज गाडी पुसताना त्या कोपऱ्याशी थांबतात. परवा मला पाहून म्हणाले, "उन्नीस-बीस आहे खरं. पण मला ठाऊक होतं ना आधी." एवढे बोलून ते पुढची काच पुसू लागले.

मला वाटते, सगळी गोम त्या 'आधी'मध्ये आहे. तोच फरक काम झाल्यावर आप्पांच्या नजरेला पडला असता, तर ती माझी दुसरी आगळीक ठरली असती.

तेव्हा वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर दुकानाची पाटी पाहू नका. आत काय तपासले, प्रायमर कोणता मारणार, रंग उजेडात दाखवणार का, एवढे विचारा. आणि काय जुळणार नाही हे जो आपणहून सांगेल, त्याच्या हाती खुशाल किल्ली द्या.

राहता राहिली माझी गाडी. ती मी आता दोन हात लांब लावतो. आप्पांकडून मात्र फराळाचे ताट यंदाही आले. चकल्या गेल्या वर्षीइतक्याच खुसखुशीत होत्या. उन्नीस-बीससुद्धा फरक नव्हता.