मुंग्यांची वाट आणि निदानाचा पेच

ताप, अंगदुखी आणि घटलेल्या प्लेटलेट्स. पावसाळ्यात मुंबईतील डॉक्टरांपुढे असा रुग्ण आला की डेंगी, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस या तिन्ही शक्यता एकदमच उभ्या राहतात. दिसणाऱ्या लक्षणांवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणाऱ्या या तर्काला अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी ‘अ‍ॅबडक्शन’ म्हटले. त्याचा निष्कर्ष अटळ नसतो. उपलब्ध निष्कर्षांपैकी तो सर्वांत पटणारा असतो, इतकेच.

हा तर्क यंत्राला शिकविण्याचे प्रयत्न जुने आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठात १९७० च्या दशकात तयार झालेल्या ‘इंटर्निस्ट’ या संगणकप्रणालीची परीक्षा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ४३ निदानांपैकी प्रणालीला २५ जमली, रुग्णालयातील डॉक्टरांना २८ आणि त्याच रुग्णांवर चर्चा करणाऱ्या तज्ज्ञांना ३५. सुरुवात वाईट नव्हती. खरी अडचण संख्येची आहे. संभाव्य कारणे अवघी ३० धरली आणि ती एकत्रही असू शकतात हे मान्य केले, तर तपासावयाचे संच १०७ कोटींच्या वर जातात.

इथे मुंग्या उपयोगी पडतात. मार्को डोरिगो यांनी मिलानमधील १९९२ च्या प्रबंधात मुंग्यांच्या गंधमार्गाचे गणित मांडले. संगणकातील प्रत्येक ‘मुंगी’ एकेक कारण निवडत सर्व लक्षणांचा उलगडा होईपर्यंत चालते. ज्या स्पष्टीकरणात कारणे थोडी आणि संभाव्य, त्याच्या वाटेवर गंध अधिक. पुढच्या मुंग्या साहजिकच तिकडे झुकतात. सगळे संच न तपासताही चांगले उत्तर हाती लागण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

मात्र ज्या प्रयोगांतून ही कल्पना निघाली, त्यांतच तिचा धोकाही दिसला होता. ब्रसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिना मुंग्यांना आधी फक्त लांबचा पूल दिला आणि जवळचा पूल नंतर जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. पहिल्या निदानाला चिकटून बसणाऱ्या डॉक्टरांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार! म्हणूनच संगणकातील गंध मुद्दाम विरू दिला जातो. तो फार लवकर विरला तर शोध भरकटतो, आणि उशिरा विरला तर एकाच उत्तरावर अडकतो.

दुसरा प्रश्न गुण कोण देतो, हा आहे. थोड्या कारणांना झुकते माप देणारे सूत्र डेंगी आणि मलेरिया एकाच रुग्णात असण्याची शक्यता मागे ढकलेल. प्रत्यक्षात तसे रुग्ण आढळतात. हे सूत्र मुंग्या ठरवीत नाहीत, माणूस ठरवतो. त्यामुळे अशा प्रणालीने अखेरचे एकच उत्तर सांगण्यापेक्षा वेगवेगळ्या फेऱ्यांत निघालेली तीन-चार स्पष्टीकरणे डॉक्टरांपुढे ठेवणे आणि त्यांतील निवड रक्ततपासणीवर सोपविणे अधिक सुरक्षित ठरेल.