उसण की क्षयाची चाहूल?

क्षयरोगाचे २०२५ पर्यंत देशातून उच्चाटन करण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केला होता. ती मुदत सरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. ही घट २१ टक्क्यांची आहे. उद्दिष्ट ८० टक्क्यांचे होते. या तफावतीची चर्चा औषधे आणि निधी यांच्या अंगाने होत राहील. मात्र, जावळी तालुक्यातील मेढ्यासारख्या ठिकाणी तिचा विचार एका साध्या तक्रारीपासून सुरू करावा लागतो. ती म्हणजे श्वास घेताना छातीत निघणारी चमक.

ग्रामीण भागात या दुखण्याला ‘उसण भरली’ असे म्हणतात. तेल चोळणे, शेक देणे आणि वेदनाशामक गोळी हा ठरलेला उपाय. अनेकदा तो लागूही पडतो. कारण बरगड्यांमधील स्नायू ताणला गेला किंवा कूर्चेला सूज आली, तरी अशीच कळ येते. अडचण आहे ती उरलेल्या रुग्णांची.

फुप्फुसाला स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना जाणवते ती त्याच्यावरील दुपदरी आवरणाच्या बाहेरच्या पदराला. आवरणाला सूज आली की श्वासागणिक दोन्ही पदर एकमेकांवर घासतात आणि कळ येते. न्यूमोनिया, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, फुप्फुसाबाहेर हवा साचणे ही त्याची काही कारणे. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या आपल्या देशात क्षय हे त्यातील एक प्रमुख कारण ठरते.

खरा घोटाळा पुढेच होतो. सुजलेल्या पदरांमध्ये पाणी साचू लागले, की ते एकमेकांपासून दूर होतात. घासणे थांबते आणि दुखणेही कमी होते. रुग्णाला वाटते, शेकाने गुण आला. प्रत्यक्षात रोग एक पायरी पुढे गेलेला असतो. पाणी वाढले की धाप लागते. काही वेळा तर पाणी उपचारांविना आपोआप जिरते आणि गैरसमज पक्का होतो. अमेरिकी सैनिकांची १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या संदर्भात आजही महत्त्वाची मानली जाते. आवरणाचा असा विकार होऊन गेलेल्या आणि क्षयाचे औषध न मिळालेल्या सैनिकांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना पुढे क्षयाने गाठले.

दुसरी अडचण तपासणीची. क्षय म्हटले की थुंकी तपासायची, हे समीकरण रुजलेले आहे. परंतु आवरणाच्या क्षयात थुंकीत जंतू अनेकदा सापडत नाहीत. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि सुईने काढलेल्या पाण्याची तपासणी आवश्यक असते. थुंकी निर्दोष आली म्हणून क्षय नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत सहज नेता येणाऱ्या एक्स-रे यंत्रांवर भर देण्यात आला, तो योग्यच होता. तो मोहिमेपुरता राहता कामा नये.

जावळीच्या बाबतीत या प्रश्नाला स्थलांतराचाही पदर आहे. येथील अनेक घरांतील कर्ते पुरुष माथाडी कामासाठी मुंबई, नवी मुंबईत राहतात. ओझी वाहणाऱ्याच्या छातीत चमक निघाली, तर ती कामाचीच मानली जाते. दाटीवाटीच्या खोल्यांत क्षयाचा संसर्ग सहज होतो, ही बाब विसरली जाते. दुखणे वाढले की माणूस गावी येतो आणि बरे वाटताच परततो. शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोली खोऱ्यातून मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात जायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी ‘पुन्हा या’ हा सल्ला बहुधा वायाच जातो.

वास्तविक, व्यवस्थेकडे साधने आहेत. उपचार मोफत असून साधारणपणे ते सहा महिन्यांचे असतात. ‘निक्षय’ प्रणालीत नोंद झालेल्या रुग्णाला गाव बदलले तरी औषध पुढे चालू ठेवता येते. पोषणासाठीची मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. मात्र, हे सारे निदानानंतरचे आहे. पहिल्याच भेटीत एक्स-रे काढला जाणे आणि रुग्णाला मुंबईतील वास्तव्याबद्दल विचारले जाणे, ही खरी गरज आहे.

नागरिकांनीही काही खुणा ओळखायला हव्यात. कळ अचानक उठून धाप लागली, चक्कर आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा एक पाय सुजला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीवर दडपण येऊन वेदना हाताकडे वा जबड्याकडे सरकत असेल, तर हृदयविकाराची शंका घ्यावी. ताप, रात्रीचा घाम, घटते वजन किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला सोबत असेल, तर दुखणे थांबले तरी तपासणी टाळू नये. चमक थांबणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गावोगावी पोहोचले नाही, तर क्षयमुक्तीसाठी नवी मुदत ठरवूनही फारसे काही साधणार नाही.