डेमोसाठी कुणाचं पासबुक उघडू नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय आपल्याच धंद्यातला. घरखर्चाचं, बचतगटाचं, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दाखवताना पडद्यावर जो डेटा असतो, तो येतो कुठून? बऱ्याचदा उत्तर ठरलेलं: "एका क्लायंटचा बॅकअप आहे, नावं बदलून टाकलीत." आणि सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही!

माझ्या मते ही सरळसरळ चोरी आहे. नावं बदलली तरीही.

का ते सांगतो. २०१५ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता. ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे क्रेडिट कार्डाचे व्यवहार, नाव-नंबर काढून टाकलेले. तरी कुठल्या दुकानात, कुठल्या दिवशी, अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या की ९० टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. अंदाजे रक्कम कळली तर काम आणखी सोपं.

हे ११ लाखांच्या गर्दीतलं. आता आमचा वाशीम घ्या. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा जिल्हा. इथे गर्दीच नाही. गावातल्या कुणी कोणत्या दिवशी कारंज्याच्या बाजार समितीत किती सोयाबीन विकलं, हे पारावर सगळ्यांना ठाऊक. तुम्ही खात्यावर 'ग्राहक क्र. १' लिहा नाहीतर 'एबीसी', तारीख आणि रक्कम बघून शेजारी नाव सांगतो. मग त्याच खात्यात खाली दिसतं सोनेतारण, दवाखान्याचा खर्च, थकलेला हप्ता. घरात मुलीचं लग्न ठरत असताना हे बाहेर फुटलं तर काय होतं, ते गावाकडच्या माणसाला विचारा.

एका पतसंस्थेत अशाच डेमोला बसलो होतो. नावं सांगत नाही. थकबाकीची यादी पडद्यावर आली आणि मागून एक संचालक म्हणाले, "अरे, हे तर आमच्या साडूचं ट्रॅक्टरचं लोन दिसते!" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. साडू तिथे नव्हते, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

यावर लोक म्हणतात, "खऱ्या डेटाशिवाय डेमो जिवंत वाटत नाही राव." अर्धं खरं आहे. कारण खोटा डेटा आपण आळसाने बनवतो. जॉन डो, दर १ तारखेला पगार ५०,०००, किराणा ५,०००. वाशीमच्या माणसाला हा परग्रहावरचा प्राणी वाटणार! पण त्याच्यासारखा हिशेब लिहायला त्याचं खातं लागत नाही, त्याच्या वर्षाची रीत माहीत लागते. जूनमध्ये बियाणं-खताचा खर्च, ऑक्टोबरात सोयाबीनचे पैसे, हिवाळ्यात तूर, पीएम-किसानचे २,००० वर्षातून तीनदा, ३१ मार्चच्या आत पीककर्जाची परतफेड. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. विक्री त्याहून कमी भावाने दाखवा, लगेच कुणीतरी म्हणेल, "हे खरं आहे बुवा!"

आणि खोटं बनवायचं तर असं बनवा की चुकूनही कुणाला लागू नये. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, तुम्ही ० ने सुरू करा. मोबाईल ६ ते ९ ने सुरू होतो, तुम्ही पाच शून्यं टाका. आयएफएससीमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतं, तिथे ९ लिहा. माणसाच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी', तिथे 'झेड' ठेवा. ईमेलला एक्झाम्पल डॉट कॉम आहेच, १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं. आडनाव सरळ 'नमुने' ठेवा :)

व्हॅलिडेशन अडवेल म्हणता? डेमो मोडमध्ये तेवढी सूट द्या, खऱ्या मोडमध्ये नको. म्हणजे नमुने कुटुंब चुकून खऱ्या डेटाबेसमध्ये शिरायला गेलं तर दारातच अडेल.

रँडम जनरेटरचा सीड मात्र कायम ठेवा. बियाणं तेच तर पीक तेच, दर डेमोला आकडे तेच. आणि आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे, हे जुळलंच पाहिजे. वाशीमचा व्यापारी आधी तेवढंच तपासतो.

हे सगळं मिळून एका शनिवारचं काम आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २५० कोटींपर्यंत दंड सांगतो, पण तो बाजूला ठेवा. त्या माणसाने डेटा दिला होता हिशेब ठेवायला, तुमचं पुढचं गिऱ्हाईक पटवायला नाही.

बघा पटतंय का. नसेल पटत तर पुढच्या डेमोला स्वतःचं पासबुक लावा.