ते पत्र मी पूर्ण वाचलंच नव्हतं

गेल्या दहा-अकरा वर्षांत मी एक गोष्ट किमान पन्नास जणांना सांगितली असेल. मिरजेत, पुण्यात, लग्नांत, ईदच्या दिवशी हातात शीरखुर्म्याची वाटी घेऊन. ‘जर्मनीत एमएसला ॲडमिशन मिळालं होतं, पण व्हिसा नाकारला. नाव बघितलं असणार.’ ऐकणारा मान हलवायचा. पुढे कुणी काही विचारायचं नाही. आपल्यात या वाक्याला पुरावा लागत नाही.

ॲडमिशन मिळालं होतं, व्हिसा नाकारला होता, हे दोन्ही खरं. ‘नाव बघितलं असणार’ हे मात्र मी जोडलेलं होतं.

२०१४ ची गोष्ट. इंजिनिअरिंग संपलं होतं, अब्बांचं गॅरेज होतं आणि घरात परदेशी विद्यापीठाचं नाव घेणारा मी पहिलाच. एका एजंटनं साठ हजार रुपये घेतले आणि सगळे कागद तयार करून दिले. हा अभ्यासक्रम मला का करायचा आहे हे सांगणारं मोटिव्हेशन लेटरही त्यानंच लिहिलं. मी ते सहीपुरतं बघितलं. मुलाखतीत मला विचारलं, दुसऱ्या सेमिस्टरला कोणते विषय आहेत? मला सांगता आलं नाही. काही आठवड्यांनी दोन पानी पत्र आलं, जर्मन भाषेत. व्हिसा नाकारला एवढं कळलं. ते पत्र फाइलमध्ये गेलं आणि मी पुण्यात नोकरीला लागलो.

मागच्या वर्षी घर बदलताना ती फाइल हाताला लागली. आता मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरला की भाषांतर होतं. पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराला निवडलेल्या अभ्यासक्रमाची माहिती देता आली नाही, त्याचं पत्र ढोबळ स्वरूपाचं आहे, त्यामुळे शिकणं हाच त्याचा खरा हेतू आहे याबद्दल शंका राहते. खाली असंही होतं की या निर्णयाविरुद्ध एका महिन्यात लेखी हरकत घेता येईल. ती हरकत घ्यायला वकील लागत नव्हता, फी लागत नव्हती. मी ते पान उलटलंच नव्हतं.

अधिकाऱ्याच्या मनात आणखी काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पण कागदावर जे होतं ते खरं होतं आणि त्याला जबाबदार मी होतो.

हे आज संपादकीयात लिहायचं कारण माझी चुलत बहीण आहे. २०१९ मध्ये तिचं बी.फार्म. झालं, चांगल्या मार्कांनी. तिलाही जर्मनीला जायचं होतं. चाचांनी सगळ्यांसमोर विषय संपवला, ‘तुझ्या भाईला मुलगा असून, इंजिनिअर असून नाही दिला. तुला कशाला देतील? पैसे घालवायचे आणि वर बदनामी.’ मी तिथेच बसलो होतो. ती माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प राहिलो. आज ती एका डिप्लोमा कॉलेजात शिकवते, एक मुलगा आहे, मजेत आहे असं ती म्हणते. या बकरी ईदला मी तिला पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, ‘भाई, तेव्हाच वाचायला हवं होतंस.’ आणि ती पाहुण्यांना वाढायला गेली.

भेदभाव नसतोच असं मी म्हणत नाही. पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्या कुणाही मुस्लिम मुलाला मी हे पटवू शकणार नाही, आणि पटवायचंही नाही. अमेरिकेनं जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना त्यांची सोशल मीडिया खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितली आहेत. अशा नियमाची भीती कुठल्या घरांत जास्त बसते हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण भेदभाव खरा आहे म्हणूनच आपली प्रत्येक चूक त्याच्या खात्यावर टाकणं आपल्याला परवडत नाही. मी टाकलेल्या चुकीची किंमत तिसऱ्याच माणसानं भरली.

आता जर्मनीबद्दलच बोलतो, कारण तिथली प्रक्रिया मला माहीत आहे आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून शुल्क सुरू केलं आहे.) ज्या लेखी हरकतीचा हक्क मी वाया घालवला, तो आता उरलेला नाही. १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं व्हिसाच्या बाबतीतली ही सोय जगभर बंद केली. नकार आला तर नव्यानं अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. मिरजेहून बर्लिनच्या कोर्टात कोण जाणार? म्हणजे पहिला अर्जच नीट हवा.

नीट अर्ज करणं फारसं अवघड नाही, फक्त ते आपल्याला वाटतं त्याच्या दोन वर्षं आधी सुरू करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत का हे दिल्लीतलं एपीएसचं कार्यालय तपासतं. त्याची फी १८,००० रुपये. ते हातात नसेल तर व्हिसाचं पुढे सरकत नाही. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, त्यासाठी बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलै असते, काहींची मार्च-एप्रिलमध्येच संपते. त्यानंतर व्हिसासाठीचा वेळ वेगळा. मागच्या महिन्यात एक मुलगा आला, ऑक्टोबरला जायचं म्हणून ऑगस्टमध्ये पासपोर्टचा अर्ज करणारा. त्याला पुढच्या वर्षीचं कॅलेंडर दाखवलं.

माझ्याकडे येणाऱ्या दहा फायलींपैकी सहा-सात ज्यावर अडतात ती गोष्ट म्हणजे नाव. धर्माचं नाव नव्हे, स्पेलिंग. शेख हे आडनाव इंग्रजीत आपण चार-पाच तऱ्हांनी लिहितो. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मोहद’, कुठे नुसतं ‘एमडी’. दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. पॅनकार्डावर वडिलांचं नाव गळलेलं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच. कुणी अमेरिकेचा व्हिसा घेतला तर अशा एकनावी माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. माझ्या धंद्यात याला डेटा मिसमॅच म्हणतात. दोन तक्त्यांतल्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा समोरची यंत्रणा तुम्हाला ओळखतच नाही, मग तिला तुमच्याबद्दल आकस असो वा नसो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. दहावीची मार्कशीट आणि पासपोर्ट हे दोन कागद समोर ठेवा आणि बाकी सगळं त्यांच्याशी जुळवा. चूक शाळेतून झालेली असेल तर मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जावं लागतं, आणि ते शाळा सोडल्याच्या दहा वर्षांनंतर करण्यापेक्षा अकरावीत करणं कितीतरी सोपं. एखाद्या अक्षराचा फरक प्रतिज्ञापत्रावर निभावूही शकतो. नावच बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी. मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पदवी वडिलांच्या नावानं आणि पासपोर्ट नवऱ्याच्या नावानं, अशा फायली मी पाहिल्या आहेत. निकाहनंतर नाव बदला असं ना शरीयत सांगते, ना कायदा. सवय म्हणून बदललेलं नाव पुढे दोन वर्षं निस्तरावं लागतं.

मग पैसा. जर्मनीत तुम्ही पहिल्या वर्षाचा खर्च करू शकता हे दाखवण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात, दरमहा ९९२ युरोच्या हिशोबानं. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख झाले. हा आकडा ऐकून बरेच जण उठून जातात. त्यांना वाटतं ही फी आहे. ती फी नाही. पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता तुमच्या हातात येतो आणि त्यातच घरभाडं, जेवण, विमा भागवायचा असतो. म्युनिकसारख्या शहरात ते पुरणं कठीण, छोट्या शहरात जमतं. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यातून जेवणाखाण्याला हातभार लागतो, पण त्यातून घरी पैसे पाठवू असं गणित मांडून कुणी जाऊ नये.

बारा लाख आपल्या घरांत नसतात असं नाही. यंत्रमागवाला, भंगारवाला, गॅरेजवाला, फळांचा व्यापारी, चार भावांत मिळून तेवढी रक्कम उभी राहते. ती कागदावर नसते. आयुष्यभर रोखीचा व्यवहार, रिटर्न कधी भरलेला नाही, आणि मग व्हिसाच्या आधी महिनाभरात खात्यात एकदम दहा लाख जमा. बँकेचा मॅनेजर विचारतो, कुठून आले? परदेशी रक्कम पाठवताना ठरावीक मर्यादेच्या वरच्या भागावर टीसीएस कापला जातो. तो कर परत मिळवता येतो, पण रिटर्न भरणाऱ्यालाच. इतर देश तर खात्याचा इतिहासच मागतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. माझ्या मते मूल अकरावीत गेलं की बापानं पहिला रिटर्न भरावा. मुलगा परदेशी गेला नाही तरी त्याचं नुकसान नाही.

आता व्याजाचा प्रश्न. हा टाळून या विषयावर लिहिणं म्हणजे वाचकांची फसवणूक. अनेक घरांत शैक्षणिक कर्ज घेत नाहीत, कारण व्याज हराम. उलेमांमध्येही गरजेच्या मर्यादेवरून मतं वेगळी आहेत आणि त्यात मी निवाडा देणार नाही. मला तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरचं शिक्षणकाळातलं व्याज भरत होती. ती २०२२-२३ पासून बंद केली. त्यावर आपण निवेदनं दिली, ते योग्यच होतं. पण त्याच काळात आपल्या जमातींनी कर्ज-ए-हसना म्हणून किती मुलांची ब्लॉक्ड अकाउंटं भरली? मशिदीच्या दुसऱ्या मजल्यासाठी वर्षभरात निधी उभा राहताना मी पाहिला आहे. दोन वर्षं वापरून, नोकरी लागल्यावर पुढच्या मुलासाठी परत करायची बारा लाखांची रक्कम एका जमातीला जड नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिने राहू देते, त्यामुळे ती रक्कम परत येण्याची आशाही खोटी नाही. ज्यांना कर्ज चालतं त्यांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेच्या आधी करावी.

एजंटांबद्दल थोडक्यात. काही जण ठरावीक खासगी विद्यापीठांकडून कमिशन घेतात आणि ‘सरकारीत तुझा नंबर लागणार नाही’ असं मुलाला सांगतात. अनेक सरकारी विद्यापीठांचे अर्ज ‘युनी-असिस्ट’ या संस्थेमार्फत जातात, पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. हे घरी बसून करता येतं. मोटिव्हेशन लेटर मात्र कुणाकडूनही लिहून घेऊ नका. माझ्या वेळी एजंट एकच पत्र चार मुलांना द्यायचा, आता चॅटबॉट चार लाख मुलांना देतो. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं आणि ते शिकायला तुम्हाला तिथला कोणता विषय हवा, एवढं मोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. ते तुम्हाला मुलाखतीत आठवेल तरी.

मुलींच्या बाबतीत जर्मनी बापाची परवानगी मागत नाही. ती घरात मागावी लागते, आणि तिथे माझ्यासारख्यांनी सांगितलेल्या गोष्टी पुरावा म्हणून वापरल्या जातात. म्हणून ज्यांना नकार आला आहे त्यांना माझी विनंती आहे, ते पत्र काढा आणि भाषांतर करून पूर्ण वाचा. अन्याय झाला असेल तर तो कागदासकट मांडा, आम्ही इथे छापू. नसेल झाला तर निदान घरातल्या लहान बहिणीला खरं कारण सांगा.

माझ्या चुलत बहिणीच्या धाकट्या बहिणीचं बी.फार्म. पुढच्या वर्षी संपतं. मी चाचांनाही ते पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. हार्डवेअरच्या दुकानाचा रिटर्न भरायचा आहे, तू कुठल्या सीएकडे जातोस, विचारत होते. नंबर दिला.